ग्रीनवुड आजींचं मूळ आडनाव

आमच्या शेजारच्या आजींच्या टपालपेटीवर ‘ग्रीनवुड’ लिहिलेलं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये असं आडनाव म्हणजे अस्सल इंग्रज, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा एक फाइल घेऊन आमच्याकडे आला. कधीतरी गप्पांत मी त्याला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांबद्दल सांगितलं होतं. गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं ते काढून दाखवतात, वगैरे. तेवढ्यावरून त्यानं मला या विषयातली जाणकार ठरवून टाकलं होतं.

त्याच्या धावपळीचं कारण होतं कॅनडाचा नवा कायदा. परदेशात जन्मलेल्यांना वंशावरून मिळणारं कॅनडाचं नागरिकत्व आधी एकाच पिढीपर्यंत चालायचं. डिसेंबर २०२५पासून, आधीच जन्मलेल्या लोकांसाठी ही मर्यादा निघाली. तपशिलात अटी आहेत, पण आजोबा कॅनडात जन्मले असतील तर नातवाला कागद गोळा करण्यात अर्थ आला. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, असे नातू ढिगानं आहेत, कारण १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख लोक कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत क्वेबेक सोडून अमेरिकेत आले. त्यातले पुष्कळ लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट इथल्या कापडगिरण्यांत लागले. कोकणातून गिरणगावात यावं, तसे.

मुलाची अडचण साधी होती. आजोबा क्वेबेकमधले हे घरात सगळ्यांना माहीत, पण क्वेबेकच्या नोंदींत ग्रीनवुड नावाचं कुणी सापडेना.

लोवेलच्या फ्रेंच चर्चच्या लग्नाच्या वहीत उत्तर मिळालं. गिरणीत आणि नगरपालिकेत जो ग्रीनवुड होता, तो पाद्र्याच्या वहीत ‘ब्वावेर’ होता. ब्वा म्हणजे रान, वेर म्हणजे हिरवं. कुणीतरी आडनावाचं सरळ भाषांतर करून टाकलं होतं. मुलगा खूश झाला. मग त्यानं ब्वावेर धरून मागे जायला सुरुवात केली आणि पाच-सहा पिढ्यांनंतर ब्वावेरही गायब झाले!

मुळात माणसं किती होती?

उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीला ‘नवा फ्रान्स’ म्हणत. क्वेबेक शहर १६०८मध्ये वसलं, माँट्रियल १६४२मध्ये. वसाहत कागदावर अफाट होती आणि प्रत्यक्षात माणसांचा दुष्काळ. १६६६मध्ये प्रशासक जाँ तालोंनं घरोघर जाऊन शिरगणती करवली तेव्हा फ्रेंच माणसं भरली ३,२१५. त्यात पुरुष २,०३४ आणि बायका १,१८१. हा हिशेब जुळावा म्हणून १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाच्या खर्चानं सुमारे ७७० मुली लग्नासाठी पाठवल्या गेल्या. त्यांना ‘राजाच्या मुली’ म्हणतात. १६६५मध्ये कारिन्यां-सालिएर पलटणीचे बाराशेच्या आसपास शिपाई आले, आणि मोहीम संपल्यावर त्यातले चारशेक तिथेच जमीन घेऊन राहिले.

एवढ्याशा लोकांतून लाखोंची प्रजा वाढली. पर्श प्रांतातून १६३४मध्ये आलेला सुतार झाकारी क्लुतिए घ्या. १८०० सालापर्यंत त्याचे लग्न झालेले वंशजच १०,८५० होते, असं माँट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या संशोधकांनी मोजून काढलं आहे. त्यामुळे कुणी ‘आम्ही क्लुतिएचे वंशज’ म्हणालं तर फार दबून जायचं कारण नाही. क्वेबेकमध्ये अर्धा वाडा तेच सांगेल.

‘दी’ म्हणजे आपलं ‘ऊर्फ’

ब्वावेर का गायब झाले, त्याचं उत्तर एका एकाक्षरी शब्दात आहे. जुन्या वहीत नावं अशी दिसतात : अमुक ‘दी’ तमुक. ‘दी’ म्हणजे ‘म्हणतात तो’. आपलं ऊर्फ. या लेखात नवा शब्द असा हा एवढाच.

ही जोडनावं अनेक वाटांनी आली, पण सगळ्यात मजेची वाट पलटणीची. एका तुकडीत दहा पिएर आणि बारा जाँ. हाक मारली तर निम्मी तुकडी वळायची. म्हणून शिपायाला भरती होताना लढाऊ नाव मिळायचं : लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर, त्रांशमोंताञ म्हणजे डोंगर कापणारा. माझं लाडकं नाव वादबोंकर. अर्थ, ‘खुशीनं चल’. कुठल्या तरी हवालदारानं कुठल्या तरी कंटाळलेल्या पोराला चिडवायला ठेवलेलं नाव आज तीनशे वर्षं दारावरच्या पाट्यांवर आहे.

दुसरी वाट गावाची. आंजू प्रांतातून आलेला तो लांजव्हां, पिकार्दीतून आलेला तो पिकार, सेंतोंझमधला सेंतोंझ. आपलं ‘कर’ लावण्यासारखंच. आणि नियमही तोच, की हे नाव गाव सोडल्यावरच चिकटतं. साताऱ्यात कोण कुणाला सातारकर म्हणणार? तसं आंजूत कुणी लांजव्हां नव्हता, तिथे सगळेच ते होते.

तिसरी वाट भावंडांना वेगळं ओळखण्याची. बातिस्काँ गावातल्या रिव्हार बंधूंपैकी निकोला हा ‘दी लाविञ’, तर रोबेर ‘दी लोरांजे’. पुढच्या पिढ्यांनी आणखी जोडनावं घेतली : लाकुर्सिएर, लानुएत, बेलफय, द्युफ्रेन. आज या आडनावांची माणसं एकाच टेबलाशी बसली तर ती एका रक्ताची असतील याची त्यांना कल्पनाही नसते. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ भट पेशवा झाला आणि घराणंच पेशवे म्हणून ओळखलं जाऊ लागलं, मूळ ‘भट’ शाळेच्या पुस्तकापुरतं उरलं. तिथे हे साध्या शेतकऱ्यांच्या घरीही झालं.

आता उलटा पेच. लाफ्लर हे नाव एकाच शिपायाला मिळालं नव्हतं. प्रत्येक तुकडीत एखादं फूल असायचंच. म्हणजे एका घराण्याची दहा आडनावं, आणि एका आडनावाची दहा घराणी. ब्वावेरांचंही तेच. दनव्हेर नावाचं एक घराणं ब्वावेर झालं, झुबां नावाचं दुसरं एक घराणंही ब्वावेर झालं. शेजाऱ्याच्या फाइलीत हिरवं रान सापडलं खरं, पण ते कुणाच्या सातबाऱ्यावरचं, हा प्रश्न राहिलाच.

फ्रान्समध्ये मग असा गोंधळ का नाही?

तिथेही होता. पण क्रांतीच्या सरकारनं २३ ऑगस्ट १७९४ला कायदा केला, की जन्माच्या नोंदीत आहे त्याखेरीज दुसरं नाव कुणी लावायचं नाही. फ्रान्समधली ऊर्फं तिथे अडली. पण कॅनडा १७६३च्या तहात इंग्रजांकडे गेलेला होता, त्याला पॅरिसचा हा कायदा लागू व्हायचा प्रश्नच नव्हता. म्हणून क्वेबेकमध्ये ‘दी’ आणखी शंभर वर्षं सुखानं नांदला. आईबापांनी घेतलेलं जोडनाव एका मुलानं ठेवावं, दुसऱ्यानं टाकावं, तिसऱ्यानं तेवढंच ठेवून मूळ आडनाव टाकावं, असं सर्रास चाले.

आणि ज्यांनी अमेरिकेची वाट धरली त्यांच्या नावांवर तिसरा हात फिरला. काहींचं भाषांतर झालं. लब्लाँचा व्हाइट, कुर्तमाँशचा शॉर्टस्लीव्ह (आखूड बाहीवाला!), बोनाँफाँचा गुडचाइल्ड. काहींचा नुसता उच्चार घासला गेला. बुर्झ्वाचा बुशवे, बन्वाचा बेनवे.

स्पेलिंगबद्दल न बोललेलं बरं. फ्रेंचमध्ये शेवटचा ‘ओ’ निदान पाच प्रकारे लिहिता येतो, आणि पाद्र्यानं ऐकलं तसं लिहिलं. आर्शाँबो हे एकच नाव वहीगणिक वेगळं दिसतं. देवनागरीत लिहिलं की सगळे आर्शाँबो एकाच वेलांटी-मात्रेचे होतात. फ्रेंच वंशावळ लिहायला आपली लिपी बरी, असं मी त्या मुलाला म्हटलं. तो हसला नाही.

नाव सोडा, जोडपं धरा

मग शोधायचं कसं? इथे क्वेबेकच्या लोकांचं नशीब जोरावर आहे. फ्रान्सच्या राजानं १५३९मध्येच पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या, आणि १६६७च्या हुकमानं वही दोन प्रतींत करायला सांगितली : एक चर्चची, दुसरी कोर्टात जमा. एक जळाली तरी दुसरी राहते. वसाहतीतही तीच पद्धत आली. पुढे इंग्रज आले तरी या वह्या चालूच राहिल्या, आणि क्वेबेकमध्ये चर्चची नोंद हीच सरकारी नोंद, ही व्यवस्था थेट १९९४पर्यंत टिकली.

या वह्यांत सोन्यासारखी नोंद लग्नाची. तिची ठरीव भाषा साधारण अशी असते : ‘तीन वेळा लग्नाची जाहीर सूचना देऊन, कुणाचीही हरकत न आल्यानं, अमुक, राहणार या गावचा, अमुक आणि अमकीचा मुलगा, मूळचा सेंत-फलाण्या पॅरिशचा (म्हणजे त्या चर्चच्या वस्तीतला), फलाण्या बिशपच्या हद्दीतला, आणि तमकी, तमुक आणि तमकीची मुलगी…’ मग साक्षीदार, त्यांचं वरावधूशी नातं, आणि शेवटी बहुतेक वेळा एक ओळ : विचारलं असता त्यांनी सही करता येत नसल्याचं सांगितलं.

एका नोंदीत सहा माणसं बांधलेली सापडतात : नवरा, नवरी, दोघांचे आईबाप. आडनाव उद्या बदलेल. लाफ्लरचा फ्लॉवर होईल. पण मुलाच्या लग्नाच्या नोंदीत आईबाप म्हणून तेच दोघं पुन्हा येतात, आणि बापाचं नाव फिरलं असलं तरी आईचं नाव त्याला ओळख देतं. म्हणून तिथले जाणकार एकेका लग्नाची पायरी धरून मागे जातात. ग्रीनवुडच्या फाइलीतही हेच झालं. ब्वावेर अडले त्या पिढीत नुसतं आडनाव शोधणं सोडलं आणि आईचं नाव धरलं, तेव्हा कळलं की तिच्या नवऱ्याला थोरल्या मुलाच्या लग्नात दनव्हेर लिहिलं आहे आणि धाकट्याच्या लग्नात दनव्हेर दी ब्वावेर.

पहिल्या पिढीच्या लग्नात फ्रान्समधलं गावही मिळतं. तिथे पॅरिशबरोबर बिशपची हद्द बघायला विसरू नये, कारण सेंत-मार्तां नावाच्या पॅरिश फ्रान्सभर आहेत. आपल्याकडे नुसतं ‘वडगाव’ सांगून कोण पोचेल?

बायकांची नावं कशी टिकली?

हा भाग वाचताना मला जरा चरचरलं. माझ्या पणजीचं सासरचं नाव लक्ष्मी. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं लिहिलेलं. तिचं माहेरचं नाव आज घरात एकालाही सांगता येत नाही. आमच्या वंशावळीत चौदा पिढ्यांचे पुरुष आहेत आणि बायका ‘पत्नी’ आहेत.

नव्या फ्रान्समध्ये बाई लग्नानंतरही कागदोपत्री जन्माच्याच आडनावानं राहिली. लग्न झालं तरी तेच, मेली तरी तेच. यात स्त्री-मुक्ती वगैरे काही नव्हती, दोन अगदी रोखठोक गरजा होत्या. एक, चर्चला चौथ्या पिढीपर्यंतचं रक्ताचं नातं लग्नाला चालत नसे. आपल्या सपिंड-सगोत्राच्या हिशेबासारखाच हिशेब, पण आईकडूनही तितकाच काटेकोर. त्यासाठी आईचं कुळ नोंदलेलं हवं. नातं निघालंच तर बिशपची खास परवानगी घ्यावी लागे, आणि त्या परवानगीच्या कागदांत कुणाचं कुणाशी काय नातं हे सविस्तर सापडतं. दोन, मालमत्ता. तिथे पॅरिसचा रिवाज लागू होता. सामान्य कुटुंबात मुलींनाही मुलांइतकाच वाटा. त्यामुळे लग्नाआधी नोटरीपुढे करार, आणि कुणी गेलं की नोटरी घरी येऊन यादी करायचा. तांब्याची किटली, जुनी चादर, गाय, सगळं लिहायचा. ती यादी बाईच्या नावाशिवाय पुरी होत नसे.

परिणाम असा, की तिथे आईची आई, तिची आई, अशी नुसत्या बायकांची साखळी राजाच्या मुलींपर्यंत नेता येते. क्वेबेकमध्ये १९८१पासून कायदाच आहे, की लग्न झालं तरी बाईनं जन्माचंच नाव लावायचं.

या राजाच्या मुलींबद्दल एक जुनी आवई अजून फिरते, की त्या बदफैली बायका होत्या. लाहोंतां नावाच्या एका सरदारानं १७०३मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनानं ती पसरवली. कागद तसं म्हणत नाहीत. त्यातल्या पुष्कळ अनाथ होत्या, मोठा गट पॅरिसच्या साल्पेत्रिएर अनाथालयातून आला होता. गरिबी आणि चारित्र्य यांची गल्लत करायची खोड काही एकट्या आपल्या समाजाची नाही.

सगळेच जोसेफ, सगळ्याच मारी

आडनावाचा गुंता सुटला की पाळण्यातल्या नावाचा सुरू होतो. नाव ठेवायचा मान आईबापांचा नव्हे, धर्ममाता-धर्मपित्याचा. आपल्याकडे आत्याचा असतो ना, तसा. ते बहुतेक वेळा स्वतःचंच नाव देत. त्यामुळे धर्मपिता कोण हे पाहिलं की नाव कुठून आलं ते कळतं, आणि बहुधा तो जवळचा नातलग निघतो. १७०३मध्ये क्वेबेकचे बिशप सेंत-व्हालिए यांनी विधींचं पुस्तक काढलं, त्यात चालतील अशा संतांच्या नावांची यादीच होती.

मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा ठेवत. वहीत एकाच घरात दोन मार्गरीत दिसल्या तर घाबरू नका, आधीची दफनाची नोंद शोधा. मूल वाचेल असं वाटत नसेल तर सुईणच घाईनं पाणी शिंपडून बाप्तिस्मा देई. अशा वेळी वहीत नुसतं ‘नाव न ठेवलेलं’ असंही सापडतं.

एकोणिसाव्या शतकात तर जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावापुढे जोसेफ आणि मुलीच्या पुढे मारी लागलं. वापरायचं नाव शेवटचं. शेजाऱ्याचे आजोबा घरात, गिरणीत, थडग्यावर ‘फ्रँक’ होते. बाप्तिस्म्याच्या वहीत निघाले जोसेफ फ्रांस्वा-झेवियर. हे वाचून मी खुर्चीतच सरसावले. फ्रांस्वा-झेवियर म्हणजे आपले जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या चर्चमधले संत झेवियर! १६२२मध्ये ते संत ठरले, १६२५मध्ये जेझुइट पाद्री क्वेबेकला पोचले आणि आपल्या संघाच्या या लाडक्या संताचं नाव तिथे रुजवलं. लोवेलच्या गिरणीत राबलेल्या फ्रँकच्या नावाचा धागा मांडवीच्या काठी निघाला.

वह्याच नसतील तर?

तशीही वेळ आली आहे. १६४०मध्ये क्वेबेकचं चर्च जळालं, त्यात तोवरच्या नोंदी गेल्या. मग लोकांना आठवेल तसं सांगायला लावून वही पुन्हा लिहिली.

त्याहून मोठा घाव अकादीचा. आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या बाजूची ही वेगळी फ्रेंच वसाहत. तिथे गावभर एकच आडनाव, म्हणून ‘जाँ, पिएरचा, पोलचा’ अशी बाप-आजोबांची माळ लावायचा रिवाज. १७५५पासून इंग्रजांनी या लोकांना गावंच्या गावं उठवून जहाजांत भरलं. दहा हजारांहून जास्त माणसं पांगली. काही लुइझियानात गेली, तिथले ‘केजन’ ते हेच. अकादीतल्या ग्राँ-प्रे गावच्या चर्चच्या काही वह्या लोकांनी बरोबर नेल्या, त्या आज तिथे बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत.

काही कुटुंबं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली. त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. तेव्हा १७६७मध्ये अधिकाऱ्यांनी कुटुंबप्रमुखांना बसवून शपथेवर विचारलं : बाप कोण, आजा कोण, लग्न कुठे झालं, कोण कुठल्या बंदरात मेलं. ७८ कुटुंबांच्या जबान्या झाल्या. आपल्याकडे जात-पडताळणीला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करतात, तसंच. फरक एवढाच, की हे लोक स्टॅम्पपेपरसाठी नव्हे, डोक्यात उरलेलं गाव विसरू नये म्हणून सांगत होते, असं त्या जबान्या वाचताना मला वाटत राहिलं.

डीएनए करून का टाकत नाही?

हा प्रश्न मुलानं विचारलाच. उत्तर : करा, पण भरवसा ठेवू नका. थोड्याच माणसांतून प्रजा वाढल्यामुळे क्वेबेकचे लोक एकमेकांचे दहा-दहा बाजूंनी चुलत असतात. चाचणी जवळचं नातं दाखवते आणि प्रत्यक्षात ते आठ पिढ्या मागचं निघतं. शिवाय फ्रान्समध्ये हौसेखातर अशी चाचणी करणं बेकायदा आहे, ३,७५० युरोपर्यंत दंड होतो. म्हणजे पलीकडच्या बाजूनं जुळायला फारसं कुणी नाही.

आणि ‘फ्रेंच पूर्वज’ फ्रेंचच असतील हेही धरून चालू नका. क्वेबेकमधलं फानफ हे आडनाव बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रोटन गावातून १७०४मध्ये पळवून नेलेला मथायस फार्न्सवर्थ नावाचा इंग्रज पोरगा, तो या फानफ घराण्याचा मूळ पुरुष. फ्रेंचांच्या दुसऱ्या एका वसाहतीत, हिंदी महासागरातल्या बुर्बों म्हणजे आजच्या रेयुनियों बेटावर, १६७८च्या सुमारास आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून काही इंडो-पोर्तुगीज मुली नेऊन वसाहतवाल्यांशी त्यांची लग्नं लावली गेली. बेटावरच्या जुन्या घराण्यांच्या आद्य आया म्हणून त्यांची नावं वहीत आहेत.

ग्रीनवुडची फाइल आता पुरी झाली आहे. शेवटचं पान १६५२चं, क्वेबेकमधलं एक लग्न, एतिएन दनव्हेर आणि आन आयो. मुलानं ते फ्रेम करून आईला दिलं. आजींनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “हे झालं नवऱ्याकडचं. माझ्या माहेरच्या किंगांचं काय?”

किंग म्हणजे बहुधा रुआ, अर्थ राजा. लिहायचं स्पेलिंग आपल्या बंगाली रॉयसारखं. क्वेबेकमधले सगळे त्रांब्ले एकाच पिएर त्रांब्लेचे, त्यांचं काम एका दुपारचं. पण रुआ नावाचे, एकमेकांशी काही संबंध नसलेले, एवढे पुरुष जहाजातून उतरले आहेत की… मी आजींना म्हटलं, उन्हाळ्यात बघू.